वायरवाले हेडफोन लॅपटॉपला लावले की आवाजच गुल

निशाचर:
मंडळी जरा मदत करा. साधे माइकवाले हेडफोन आहेत, ३.५ एमएमची पिन. मोबाइलला लावले की मस्त वाजतात, लॅपटॉपला लावले की ढिम्म. गंमत म्हणजे पिन घातल्यावर लॅपटॉपचा स्पीकर बरोब्बर बंद होतो, म्हणजे काहीतरी लावलंय हे त्याला कळतंय, मग आवाज जातो कुठे?? विंडोज ११ आहे, रीस्टार्ट करून झालं, आवाज फुल करून झाला. उद्या ऑनलाइन मुलाखत आहे आणि डोकं फिरायची वेळ आलीय.

गुपचूप:
आधी सोपं बघ. विंडोज की, कंट्रोल आणि व्ही एकदम दाब, आउटपुटची यादी उघडेल, तिथे हेडफोन सिलेक्ट आहेत का? एचडीएमआयने मॉनिटर जोडलेला असेल तर कधी कधी आवाज तिकडे जात राहतो आणि आपण इकडे पिन काढ-घाल करत बसतो. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये ब्राउझर एकटाच म्यूट झालाय का तेही बघ. नाहीच जमलं तर डिव्हाइस मॅनेजरमधून ऑडिओ ड्रायव्हर (विंडोजकडून आवाजाचं हार्डवेअर चालवून घेणारं सॉफ्टवेअर) उडव आणि रीस्टार्ट मार, विंडोज स्वतःच परत टाकतं.

निशाचर:
आउटपुटला हेडफोनच आहेत, म्यूट काही नाही, गाणं लावलं की सेटिंगमधली पट्टी वरखाली नाचतेय. ड्रायव्हर अजून उडवला नाही. पण आत्ता एक विचित्र प्रकार दिसला, पिन अंगठ्याने जोरात दाबून धरली तर बारीक आवाज येतो, आणि त्यात पण नुसतं मागचं संगीत, गाणाऱ्याचा आवाज गायब!

तांब्याची तार:
थांब, ड्रायव्हरला हात लावू नकोस. पट्टी नाचतेय म्हणजे सॉफ्टवेअर आपलं काम करतंय, आणि गाणारा गायब म्हणालास तिथेच चोर सापडला. तुझ्या पिनवर तीन काळ्या रिंगा असतील, त्यांच्यामुळे पिनचे चार भाग होतात, टोक म्हणजे डावा कान, त्यामागचा उजवा, तिसरा ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची परतीची सामाईक वाट, आणि मुळाशी माइक. ग्राउंड नीट टेकलं नाही की दोन्ही कानांच्या स्पीकरची एकच साखळी होते आणि डाव्या-उजव्यातला जो फरक आहे तेवढाच ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो, सारख्यातून सारखं वजा, उरलं काय तर कडेची वाद्यं. ड्रायव्हर बिघडून असं होत नाही, हा कॉन्टॅक्टचा प्रॉब्लेम आहे. काही जुन्या हेडफोनमध्ये माइक आणि ग्राउंड उलटे असायचे, त्यांचंही असंच होतं, पण तुझे मोबाइलवर नीट चालतायत त्यामुळे ते सोड. एवढं सांग, पिन पूर्ण आत जाते का? मोबाइलमध्ये घालून बघ आणि मग लॅपटॉपमध्ये.

निशाचर:
अरे हो, लॅपटॉपमध्ये पिनचा चकचकीत भाग थोडा बाहेर राहतोय, मोबाइलमध्ये नाही राहत.

तांब्याची तार:
मग कचरा. बॅगेतले धागे, धूळ जॅकमध्ये जाते आणि दर वेळी पिन घातली की तळाशी ठासून बसते. लॅपटॉप बंद कर, चार्जर काढ, टॉर्च मार आणि लाकडी टूथपिकचं टोक बारीक करून कडेकडेने हळूच उकर. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको, आतल्या पत्र्याच्या पट्ट्या वाकल्या की जॅकच बदलावा लागेल.

गुपचूप:
मी तर सरळ फुंकर मारतो

तांब्याची तार:
ठासलेलं फुंकरीने निघत नाही, वर थुंकी आत जाते ती वेगळीच.

पेंग्विनवाला:
विषय निघालाच आहे तर लिनक्सवाल्यांसाठी टाकून ठेवतो, पिन पूर्ण बसतेय तरी आवाज नाही तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (आवाज कमी-जास्त, म्यूट करायचा प्रोग्राम) उघडा, हेडफोनच्या खाली एमएम दिसलं तर तो म्यूट आहे, त्यावर जाऊन एम दाबा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर असतील तर विंडोजमधून नुसतं रीस्टार्ट करून इकडे आल्यावर काही लॅपटॉपचे हेडफोन मुके राहतात, पूर्ण बंद करून परत चालू केलं की बोलतात.

निशाचर:
निघालं!!! धाग्यांचा चपटा झालेला निळसर बोळा होता, एवढ्याशा भोकात एवढं कसं मावलं देव जाणे. पिन आता टक्कन बसते, गायकही परत आला 😀 फक्त केबल पिनपाशी वाकली की डाव्या कानात खरखर होते, ती पण कचऱ्याचीच का?

तांब्याची तार:
मोबाइलला लावून तशीच वाकवून बघ. तिथेही खरखर आली तर पिनच्या मानेपाशी आतली तार तुटत आलीय. उद्यापुरती केबल सरळ ठेवून चिकटपट्टीने बांध, नंतर नवीन पिन सोल्डर करून घे. आणि माइक आजच रेकॉर्ड करून तपास, आवाज आला म्हणजे माइकही चालतोय असं नसतं, कॉलच्या अ‍ॅपमध्ये तो वेगळा निवडावा लागतो.