मदत हवी आहे : अकरावीतील मुलीच्या कॉलेजखर्चाची आखणी

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमची मुलगी येथील सरकारी हायस्कूलमध्ये अकरावीत आहे. आम्हा दोघांचे शिक्षण पुण्यात, गुणपत्रिका हातात घेऊन प्रवेशयादीपुढे उभे राहण्याच्या काळात झाल्यामुळे निबंध आणि शिफारसपत्रांची ही पद्धत आम्हाला नवीन आहे. एसएटीचा (कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेचा) अभ्यास ती स्वतः करते. आमची अडचण पैशांची आहे.

फॅफ्सामध्ये (सरकारी आर्थिक मदतीसाठीच्या अर्जात) अकरावीच्या डिसेंबरात संपणाऱ्या वर्षाचे उत्पन्न धरले जाते, हे आम्हाला ते वर्ष सरत आल्यावर कळले. शिवाय पुण्यात माझ्या आणि सासूबाईंच्या संयुक्त नावावर एक फ्लॅट आहे. सासूबाई तिथेच राहतात, भाडे काहीही येत नाही. दोन खासगी कॉलेजांच्या खर्चगणकात (आपल्याला किती खर्च येईल याचा अंदाज देणाऱ्या ऑनलाइन साधनात) तो भरून पाहिला आणि वगळूनही पाहिला, तेव्हा आकड्यांत बराच फरक पडला. (वगळण्याचा विचार नाही, फक्त फरक पाहिला.) सीएसएस प्रोफाइल (अनेक खासगी कॉलेजे स्वतःच्या मदतीसाठी मागतात तो अर्ज) भरताना अशा घरातील आपला हिस्सा आणि त्याचे मूल्य कोणी कसे दाखवले, कॉलेजने कोणती कागदपत्रे मागितली?

दुसरे असे की, मुलीला एका कॉलेजात 'अर्ली डिसिजन'ने अर्ज करायचा आहे. निवड झाल्यास तिथेच जाणे बंधनकारक असल्याने इतर कॉलेजांच्या मदतीशी तुलना करता येणार नाही. ज्यांनी अर्ज करण्यापूर्वी कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाशी बोलून अंदाज घेतला, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.