एनएफएल ऑफसीझन: १२.८ मिलियनने कॅपच्या वर आहे, मुदतीआधी खाली कसं यायचं?

कोपरी_क्यूबी

ठाणे-नवी मुंबईतल्या १२ जणांची आमची फ्रँचायझी लीग आहे, कागदावर संघ चालवायचा खेळ. खेळाडू आणि करार लीगचे स्वतःचे, पण कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा), तारखा, किमान पगार सगळं खऱ्या एनएफएलचं (अमेरिकन फुटबॉल लीग), २०२५चं. ऐरोलीचा कमिशनर प्रत्येकाची शीट तपासतो. १२ मार्चला लीग-वर्ष सुरू होताना जो संघ कॅपच्या वर असेल त्याचा एकही नवा करार तो मंजूर करणार नाही.

सगळे आकडे मिलियन डॉलरमध्ये. कॅप २७९.२, मागच्या वर्षीचे उरलेले ३.८, म्हणजे माझी मर्यादा २८३.०. टॉप-५१ ची (हंगामाआधी सर्वात महागडे ५१ खेळाडूच मोजतात) बेरीज २८१.५ आणि डेड मनी (सोडलेल्या खेळाडूंचा कॅपवर उरलेला पैसा) १४.३, एकूण २९५.८. म्हणजे १२.८ जास्त. ५१ वा खेळाडू ०.९६ ला आहे.

क्वार्टरबॅक: बेस (वर्षाचा मूळ पगार) २६.२५५, जुन्या बोनसचा वाटा (बोनस एकदम दिला तरी कॅपवर वर्षांत वाटून मोजतात) दरवर्षी ९.०, करार २०२७ पर्यंत. नऊ वर्षं खेळलेला.
वाइड रिसीव्हर, वय ३१: बेस १३.०, बोनसचा वाटा ४.०, करार २०२७ पर्यंत. लीग-वर्षाच्या पाचव्या दिवशी बेसपैकी ५.० ची हमी पक्की होते.
एज रशर: बेस ९.१७, करार २०२६ पर्यंत, सहावं वर्ष.
राइट गार्ड: रुकी (पहिला) करार संपतोय, त्याला टॅग (ठरलेल्या भावात एका वर्षासाठी राखून ठेवणं) लावणार.

माझा विचार असा: रिसीव्हरला १ जूनचा शिक्का मारून सोडायचं (म्हणजे यंदा फक्त यंदाचा बोनस-वाटा, बाकीचा पुढच्या वर्षी). १३.० सुटतात, १२.८ हवेत, काम झालं. काही चुकतंय का?

नेरूळ_सेक्टर२०

दोन गोष्टी चुकताहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत.

पहिली तारखेची. १ जूनचा शिक्का मारून खेळाडूला मार्चमध्ये सोडता येतं, वर्षाला असे दोनच. पण जागा २ जूनलाच मिळते. तोपर्यंत त्याचे पूर्ण १७.० तुमच्याच वहीवर राहतात. १२ मार्चच्या मुदतीसाठी त्या १३.० चा उपयोग शून्य.

शिक्का न मारता सोडलात तर पुढच्या तिन्ही वर्षांचा बोनस, ४.० गुणिले ३ म्हणजे १२.०, एकदम यंदाच्या अंगावर येतो. १७.० जाऊन १२.० बसले, वाचले ५.०. त्याच्या जागी ५२ वा खेळाडू टॉप-५१ मध्ये सरकतो, तोही साधारण ०.९६ चाच असेल. हातात उरले ४.०४. आत्ता ट्रेड केलात तरी डेड मनीचं गणित हेच. बेस नव्या संघाकडे जातो, वाटून टाकलेला बोनस तुमच्याकडेच राहतो.

दुसरी चूक टॅगची. तुमच्या २९५.८ मध्ये गार्डचा टॅग धरलाय का? ऑफेन्सिव्ह लाइनला सगळ्या जागांचा मिळून एकच टॅग असतो, त्यामुळे गार्डलाही टॅकलचाच भाव. २०२५ मध्ये तो २३.४०२. कॅन्सस सिटीने गार्ड ट्रे स्मिथला त्या वर्षी याच आकड्यावर टॅग केलं. खेळाडूने सही केलेली असो वा नसो, लीग-वर्ष सुरू होताच पूर्ण रक्कम कॅपवर लागते.

कोपरी_क्यूबी

टॅग धरलेला नव्हता. म्हणजे १२.८ अधिक २३.४०, त्यातून टॉप-५१ बाहेर जाणाऱ्याचे ०.९६ वजा, एकूण ३५.२४ वर? मग गार्डला सोडूनच द्यावं लागेल.

नेरूळ_सेक्टर२०

सोडू नका. टॅगऐवजी आत्ताच लांबचा करार द्या. ४ वर्षं, ८४.०. साइनिंग बोनस २४.०, तो चार वर्षांत ६.० प्रमाणे वाटला जाईल. पहिल्या वर्षीचा बेस किमान ठेवा. चार ते सहा वर्षं खेळलेल्याला २०२५ चा किमान १.१७ आहे. यंदाचा कॅप आकडा ७.१७, ५१ वा वजा करून निव्वळ ६.२१. त्याला पहिल्या वर्षी रोख २५.१७ मिळतात, टॅगपेक्षा जास्त. शिवाय २०२६ चा बेस २०.० हमीने द्या. ही हमी नसेल तर कोणताही एजंट टॅगचीच वाट बघेल.

आता १९.०१ वर आलात. पुढचं काम क्वार्टरबॅकच्या रिस्ट्रक्चरचं. शीटमध्ये त्याची ओळ आज अशी असेल:
२०२५: बेस २६.२५५, वाटा ९.०, एकूण ३५.२५५.

सात किंवा जास्त वर्षं खेळलेल्याचा किमान पगार १.२५५. बेस तिथपर्यंत उतरवा आणि उरलेल्या २५.० चं साइनिंग बोनसमध्ये रूपांतर करा. खेळाडूला पैसे तेवढेच, उलट लवकर मिळतात. उरलेल्या तीन वर्षांत वाटले की वर्षाला ८.३३:
२०२५: बेस १.२५५, जुना वाटा ९.०, नवा वाटा ८.३३, एकूण १८.५९.

वाचले १६.६७. उरले २.३४. एज रशरच्या ९.१७ पैकी ८.० दोन वर्षांत वाटा, ४.० वाचतील. आता तुम्ही मर्यादेच्या १.६६ खाली आहात आणि रिसीव्हरला अजून हातही लावलेला नाही.

घोडबंदर_फ्रंटऑफिस

क्वार्टरबॅकला दोन व्हॉइड वर्षं (फक्त बोनस वाटायला, प्रत्यक्ष खेळायची नसलेली) जोडा, एज रशरला हात लावायची गरजच नाही. बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटता येतो. २५.० चे पाच भाग केले की वर्षाला ५.०, यंदाची बचत २०.०. एवढ्यावरच तुम्ही ०.९९ खाली येता.

कॅप २०२२ मध्ये २०८.२ होता, मग २२४.८, २५५.४ आणि २०२५ मध्ये २७९.२. कॅप असा वाढत असताना पुढच्या वर्षाचा डॉलर आजच्यापेक्षा हलका असतो. फिलाडेल्फिया ईगल्स व्हॉइड वर्षं अगदी ठरवून वापरतात, त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सच्या करारातही ती आहेत.

मानपाडा_अनघा

फ्रंटऑफिस, गणित बरोबर आहे, पण या संघासाठी माझं मत वेगळं आहे. कॅप वाढतोच असंही नाही: २०२० मध्ये १९८.२ होता, २०२१ मध्ये कोविडमुळे १८२.५ वर आला. ज्यांनी २०२१ वर ओझं ढकललं होतं त्यांना चांगले खेळाडू सोडावे लागले.

व्हॉइड वर्षांचा हिशोब शेवटपर्यंत मांडा. २०२७ नंतर करार आपोआप संपला की २०२८ आणि २०२९ चे ५.० आणि ५.०, मिळून १०.०, एकदम २०२८ वर येतात, तेही संघात नसलेल्या खेळाडूसाठी. पुढच्या मार्चमध्ये त्याला सोडायची वेळ आली तर डेड मनी व्हॉइडशिवाय ३४.६७, व्हॉइडसह ३८.०. नऊ वर्षं खेळलेला क्वार्टरबॅक आहे, हा धोका कागदावरचा नाही. डेन्व्हरने २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला १ जूनच्या शिक्क्याने सोडलं तेव्हा एकूण ८५ मिलियन डेड मनी झाला, ५३ त्या वर्षी आणि ३२ पुढच्या, म्हणजे २०२५ च्या वहीवर.

एक व्यवहाराची बाब. साधं रिस्ट्रक्चर बहुतेक करारांत संघाच्या हातात असतं, तसं कलमच लिहिलेलं असतं. व्हॉइड वर्षं जोडायला मात्र खेळाडूची सही लागते. तुमच्या लीगमध्ये क्वार्टरबॅकच्या करारात ते कलम आहे का, आधी बघा.

एज रशरचं वय आणि शरीर ठीक असेल तर मी नेरूळकरांचा मार्ग घेईन. गुडघ्याची शस्त्रक्रिया वगैरे झालेली असेल तर त्याचं ओझं २०२६ वर ढकलू नका. मग व्हॉइड वर्षं कमी वाईट.

कोपरी_क्यूबी

कलम आहे, एज रशर ठणठणीत आहे. तर रिस्ट्रक्चर दोन, गार्डचा करार एक. मग रिसीव्हरचं काय? ठेवायचा?

मानपाडा_अनघा

नाही, शिक्का मारून सोडा, पण मुदत पाळून. लीग-वर्ष सुरू झाल्यावर आणि पाचव्या दिवसाआधी, म्हणजे १६ मार्च उजाडायच्या आत. हमी पक्की झाल्यावर सोडलात तर ते ५.० डेड मनीत जमा होतील आणि २ जूनला १३.० ऐवजी ८.० च मिळतील. तो सध्या जखमी नाही हेही तपासा. करारात दुखापतीची हमी असेल तर तो पैसा तुमच्यावरच राहतो. २०२६ वर त्याचे ८.० बसणार, ते आजच शीटमध्ये लिहून ठेवा.

२ जूनला मिळणारे १३.० नवा स्टार आणायला वापरू नका, ते सप्टेंबरचे पैसे आहेत. टॉप-५१ चा नियम हंगाम सुरू झाला की संपतो, मग सगळे मोजले जातात. ५२ वा आणि ५३ वा, किमान ०.८४ प्रमाणे १.६८. प्रॅक्टिस स्क्वॉडचे (सरावापुरते राखीव) १६ जण, आठवड्याला किमान १३,००० डॉलर, १८ आठवडे: ३.७४. जखमींच्या बदल्यात येणाऱ्यांसाठी ४.० तरी हाताशी ठेवा. हेच ९.४२ झाले. रिसीव्हर गेल्यावर टॉप-५१ मध्ये सरकणाऱ्याचे ०.९६ काढले तर १३.० चे १२.०४ उरतात. रुकींसाठी राहिले २.६ च्या आसपास.

रुकींचं म्हणाल तर सही न केलेला ड्राफ्ट (वार्षिक निवडीतला नवा) खेळाडू किमान पगारावर, ०.८४ वर धरला जातो. तुमचा ५१ वा ०.९६ चा, म्हणजे तोवर ओझं काहीच नाही. पहिल्या फेरीच्या खेळाडूची सही २ जूननंतर घ्या. त्याचा आकडा ३.० धरला तर निव्वळ भर २.०४.

नेरूळ_सेक्टर२०

मार्चमधल्या त्या १.६६ मध्ये अनुभवी खेळाडू हवे असतील तर किमान पगाराचे एक वर्षाचे करार करा. सात वर्षं खेळलेल्याला १.२५५ मिळतात, पण कॅपवर दोन वर्षांच्या खेळाडूचे १.०३ च लागतात. वर ०.१६७५ पर्यंत बोनस देता येतो, तो मात्र मोजला जातो. म्हणजे एकाचे निव्वळ ०.२४. दोन-तीन घ्या, सगळी जागा संपवू नका.

क्वार्टरबॅकच्या करारात कामगिरीचे बोनस असतील तर तेही बघा. ४,००० यार्डला १.० असं असेल आणि गेल्या हंगामात त्याने ४,००० ओलांडले असतील, तर ते यंदा मिळण्याजोगे समजून आत्ताच कॅपवर लागतात. ही ओळ राहून गेली तर तुमचे १.६६ चे ०.६६ होतील.

घोडबंदर_फ्रंटऑफिस

अनघाताईंचा सप्टेंबरचा हिशोब पटला. एज रशर ठणठणीत असेल तर व्हॉइड वर्षं राहू द्या.

वेळेबद्दल सांगतो, यात नेहमी गफलत होते. गार्डशी बोलणी फिसकटली तर टॅगची मुदत ४ मार्च, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी ४. ते आपल्याकडे ५ मार्चच्या पहाटे अडीच. लीग-वर्षही १२ मार्चला दुपारी ४ लाच सुरू होतं, पण ९ मार्चला तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असेल, तारीख १३, होळीचा दिवस. टॅगची वेळ लक्षात ठेवून अडीचला शीट पाठवलीत तर मुदत तासाभरापूर्वीच संपलेली असेल. दोन्ही रिस्ट्रक्चर आणि गार्डचा करार १० तारखेच्या आत कमिशनरकडे नोंदवा, रिसीव्हरची नोंद १३ ला दीडनंतर वेगळी पाठवा.