मदत हवी आहे : तोरणमाळच्या तंबूत इन्सुलिन थंड कसं ठेवायचं?

होळीनंतर धुळ्याहून आम्ही बारा जण, त्यात चार लहान मुलं, तोरणमाळला दोन रात्री तंबूत राहणार आहोत. प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे आहे.

गॉझ, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, पोव्हिडोन आयोडीन, चिमटा, कात्री, हातमोजे, ओआरएस, पॅरासिटामॉल हे सगळं घेतलंय. मुलांचे डोस वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून आणलेत. सर्पदंशासाठी ब्लेड आणि आवळायची दोरी मुद्दाम ठेवलेली नाही. माणसाला हलू न देता थेट दवाखाना गाठायचा, एवढंच सगळ्यांना बजावलंय. रेंजचा भरवसा नाही म्हणून एक गाडी कायम जवळ राहील.

अडलंय ते काकांच्या इन्सुलिनवर. वापरात असलेलं पेन ३० अंशांखाली चालतं, पण जाताना शहाद्यापर्यंतच गाडी तव्यासारखी तापते आणि मुक्कामी फ्रिज नाही. घरी थर्मासात बर्फ घालून पाहिला; बर्फाला चिकटून इन्सुलिन गोठलं तर ते फेकावंच लागतं, म्हणून ती रीत सोडली. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या माठात, डबीत बंद करून ठेवायचा विचार आहे. वर डोंगरावर रात्री गार असते, प्रश्न दुपारचा आहे. काकांचा डोस बदलायचा नाही, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

खान्देशातल्या मार्चच्या उन्हात कुणी माठ किंवा पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी वापरली आहे का? आत थर्मामीटर ठेवून पाहिला असेल, तर भर दुपारी पारा ३० च्या खाली राहिला का?