लॅक्रोस नवीन देशात रुजवायचाय, सुरुवात कुठून करू? सल्ला हवाय

रानवारा
नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे पण इथे खेळातले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. शिकायला बाहेर होतो तेव्हा चार वर्षं लॅक्रोस खेळलो, म्हणजे दांड्याच्या टोकाला जाळी असलेली स्टिक असते, त्यात चेंडू झेलायचा, घेऊन पळायचं, फेकायचा, तोच खेळ. आता कामासाठी अशा देशात आलोय जिथे हा खेळ कुणी पाहिलेलाच नाही. आम्ही सगळे मिळून नऊ जण, त्यातले पाच बाहेर खेळून आलेले, आणि स्टिक बारा. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रोस येतोय म्हटल्यावर ग्रुपमध्ये सगळे पेटलेत, आधी संघटना नोंदवू, राष्ट्रीय टीम उभी करू, मग पोरं आपोआप येतील असं चाललंय. मला ते पटत नाहीये, पण मग काय करायचं हेही नीट मांडता येत नाही. दहा-दहाचा मैदानी खेळ घ्यावा की सिक्सेस, म्हणजे सहा-सहाचा छोटा प्रकार? साहित्यात आधी कशावर खर्च करावा? शाळेत जावं, कॉलेजात जावं की मोठ्यांचाच क्लब काढावा? दुसरा कुठला अनोळखी खेळ ज्यांनी शून्यातून उभा केलाय त्यांनीपण सांगा प्लीज.

उंबरठा
सिक्सेस. यात दुसरा विचारच नको.

मैदानी खेळाला एका बाजूला दहा, म्हणजे धड मॅच व्हायला बदली धरून तीस तरी माणसं लागतात, तुम्ही नऊ आहात. सिक्सेसमध्ये गोली धरून सहा, टीम बाराची, मैदान 70 बाय 36 मीटर म्हणजे फुटबॉलचं अर्धं मैदान मिळालं तरी भागतं. आठ मिनिटांचे चार क्वार्टर, 30 सेकंदांचा शॉट क्लॉक (म्हणजे तेवढ्या वेळात गोलवर चेंडू मारायलाच हवा), आणि गोल झाला की गोली जाळ्यातून चेंडू काढून लगेच खेळ सुरू करतो, प्रत्येक गोलनंतर फेसऑफ, म्हणजे मध्यावर दोघांनी चेंडूसाठी झटणं, नाही. नवीन माणसाला मैदानी खेळात अर्धा वेळ चेंडू कुठे आहे तेच कळत नाही, सिक्सेसमध्ये सगळ्यांच्या हाताला चेंडू लागतो. शिवाय लांब दांड्याच्या डिफेन्स स्टिक घ्याव्या लागत नाहीत, गोली सोडून सगळ्यांना एकच छोटी स्टिक. ऑलिंपिकमध्येही हाच प्रकार आहे.

निळीशाई
शाळा की कॉलेज यावर लिहिते कारण या खेळाच्या इतिहासाचं मला खूप वेड आहे. हा खेळ जिथे जिथे रुजला ना, तिथे सुरुवातीला एखादंच माणूस आणि एखादीच संस्था दिसते. लुइसा लम्सडेन नावाच्या बाईंनी 1884 मध्ये उत्तर अमेरिकेत मॅच पाहिली, आवडली, आणि 1890 मध्ये स्कॉटलंडच्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत खेळ सुरू झाला. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी 1926 मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत तो नेला आणि अमेरिकेतल्या मुलींचा लॅक्रोस तिथून वाढला. एक शाळा, तिथून बाहेर पडलेली एक मुलगी, मग दुसरी शाळा, यात राष्ट्रीय टीम कुठेच नाही.

आणि जपान बघा! तिथे केओ विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी 1986 मध्ये सुरुवात केली, 1987 मध्ये संघटना झाली, आणि खेळ विद्यापीठांतच पसरत गेला. मला वाटतं तिथलं गमक हे की कॉलेजात येणाऱ्या जवळपास कुणीच आधी स्टिक धरलेली नसते, त्यामुळे सगळे एकाच रेषेवरून पळायला लागतात. फुटबॉलमध्ये अठराव्या वर्षी सुरुवात केली तर तुम्हाला कोण घेणार, पण इथे त्याच वयात नवीन पोराला किंवा पोरीला खरोखर वाव आहे, आणि ही गोष्ट तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवी. म्हणून माझं मत कॉलेज, आणि मुली पहिल्या दिवसापासून, नंतर बघू असं नको.

जाळीवाला
वरचं सगळं बरोबर, पण कुणी बोलत नाही ते मी सांगतो. जाळी. नवीन घेतलेल्या स्टिकची जाळी कडक असते, पॉकेट, म्हणजे चेंडू बसायचा जाळीतला खोलगट भाग, बसलेलं नसतं, पोरगं झेलायला जातं आणि चेंडू टप्पकन उडून बाहेर, दहा वेळा असं झालं की त्याला वाटतं आपल्याला जमणारच नाही आणि पुढच्या आठवड्यात ते येत नाही. किंवा पॉकेट फार खोल आणि वरच्या शूटिंग स्ट्रिंग (जाळीच्या वरच्या भागातल्या आडव्या दोऱ्या) आवळलेल्या, मग फेकलेला प्रत्येक चेंडू पायाशी आपटतो. पोराची चूक काडीची नसते. मी एका ठिकाणी दोन सीझन शिकवलं, पहिल्या सीझनला निम्मी पोरं गळाली आणि मला वाटलं त्यांना आवड नाही, दुसऱ्या सीझनला सरावाच्या आधी रोज अर्धा तास बसून सगळ्यांच्या जाळ्या सैल-घट्ट करून दिल्या आणि तशीच नवीन पोरं टिकली. तेव्हा तुमच्या नऊ जणांतल्या दोघांना तरी जाळी ओवायला शिकवा, खराब झालेली उसवून नवीन ओवता आली पाहिजे, कारण तुमच्याकडे तुटलेली स्टिक घेऊन जायला दुकानच नसणार.

चेंडूंचंही सांगतो. टणक रबराचा चेंडू वापरून वापरून गुळगुळीत चकचकीत होतो, पॉकेटमध्ये धरत नाही, तो सरावातून काढून टाकायचा. आणि अगदी नवीन पोरांना तर टणक चेंडू द्यायचाच नाही, साधारण 145 ग्रॅमचं घट्ट रबर आहे ते, तोंडावर बसलं तर त्या घरातून परत कुणी येणार नाही. मऊ चेंडू, धक्काबुक्की नाही, मुलंमुली एकत्र. इंग्लंडमध्ये पॉप लॅक्रोस म्हणून हेच करतात, प्लास्टिकच्या स्टिक, पाच-पाच जण. म्हणजे हेल्मेट-ग्लोव्हजचा खर्च पुढे ढकलता येतो, आधी स्टिक वाढवा. बाराच्या तीस झाल्या की मग हेल्मेट, मुलींना गॉगल, आणि माउथगार्ड सगळ्यांना.

रानवारा
जाळीवाला, हे डोक्यातच आलं नव्हतं हो, आमच्याकडे खरंच तीन जण असेच गळालेत. आता तो राष्ट्रीय टीमचा मुद्दा, त्यावर कुणी बोलेल का? ग्रुपमध्ये एकाची कल्पना आहे की ज्यांचे आजी-आजोबा या देशातले होते असे अमेरिका-कॅनडातले खेळाडू शोधायचे आणि टीम भरायची.

पाऊलवाट
मी यावर थोडा वेगळा बोलेन. टीम हवीच असं मला वाटतं, लवकर हवी. 2014 च्या डेन्व्हरच्या जागतिक स्पर्धेत युगांडा उतरला तेव्हा ती स्पर्धा खेळणारा तो आफ्रिकेतला पहिला देश होता. असं काही घडलं की घरी बसलेल्या मुलाला कळतं की आपल्या देशाचं नाव असलेली जर्सी या खेळात आहे. ती ओढ कमी लेखू नका, शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायला जाता तेव्हाही फोटो दाखवायला काहीतरी लागतं.

उंबरठा
पाऊलवाट, जर्सीचं मान्य, पण आत कोण आहे ते बघा ना. परदेशात वाढलेले वीस जण विमानाने स्पर्धेला येतात, खेळतात, परत जातात, आणि देशात स्टिक होत्या तेवढ्याच राहतात. रानवारांचे मित्र म्हणतात तसे खेळाडू जरूर आणा, पण अट घाला की वर्षातून काही आठवडे इथे येऊन शिकवायचं आणि येताना जुन्या स्टिक घेऊन यायच्या. आणि टीममध्ये इथे शिकलेल्यांच्या जागा आधीच राखून ठेवा, सुरुवातीला मोठे पराभव होतील, होऊ द्या. ऑलिंपिकचं म्हणाल तर पुरुषांच्या सहा आणि बायकांच्या सहाच टीम आहेत, नव्वदहून जास्त देश वर्ल्ड लॅक्रोस या जागतिक संघटनेचे सदस्य असताना. 2028 च्या नावाने माणसं गोळा केलीत तर ऑलिंपिक संपलं की तीही जातील.

संघटना मात्र नोंदवा, त्यात घाई चालेल. वर्ल्ड लॅक्रोस एका देशातली एकच संस्था मानते, उद्या दुसऱ्या कुणीतरी कागद पुढे केले तर वर्षानुवर्षं भांडत बसाल. तसं होताना पाहिलंय आणि त्यात खेळणाऱ्या पोरांचे हाल होतात.

निळीशाई
एक राहिलंच. शिकवताना खेळ कुणाचा आहे हे सांगा. 1867 मध्ये माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी नियम लिहिले तिथून इतिहास सुरू करतात, पण त्याच्या कितीतरी आधीपासून उत्तर अमेरिकेतले मूलनिवासी तो खेळत होते आणि त्यांतले होडेनोशोनी लोक आजही त्याला विधात्याचा खेळ मानतात, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही खेळतात. 2022 च्या वर्ल्ड गेम्समध्ये त्यांच्या पुरुषांच्या टीमला आधी जागाच नव्हती, तेव्हा आयर्लंडने आपली जागा सोडून त्यांना दिली. आयर्लंडसुद्धा या खेळातला काही बलाढ्य देश नाही. माझ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा स्टिक मागितली.

रानवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपला आज हेच मांडतो: संघटनेचे कागद दोघांकडे, बाकी सगळे एका कॉलेजात आठवड्यातून दोनदा, सिक्सेस, मऊ चेंडू, मुलंमुली एकत्र, आणि जाळी ओवायचं मी स्वतः शिकतो. शेवटचं विचारतो, पहिल्या दिवशी चाळीस जण आले आणि स्टिक बाराच असतील तर काय करू?

जाळीवाला
ग्राउंड बॉल. झेलणं-फेकणं पहिल्या दिवशी नकोच, त्यात सगळे हरतात. जमिनीवरचा चेंडू पळत पळत उचलणं कुणालाही जमतं, गुडघे वाका, मागचा हात खाली आणा, चेंडूपाशी थांबू नका, तसेच पुढे पळत जा. बारा गट करा, प्रत्येकी एक स्टिक, उचलून आणायचा आणि पुढच्याच्या हातात स्टिक द्यायची, रिले. रांगेत तीन-चारच जण असतील तर कुणी कंटाळत नाही. शेवटची दहा मिनिटं ज्याला हवं त्याला भिंतीवर चेंडू मारू द्या, दोन्ही हातांनी. आणि जे दोघं-तिघं तुम्ही आवरायला घेतल्यावरही भिंतीपाशीच असतील त्यांना त्या दिवशी स्टिक घरी न्यायला द्या.

रानवारा
देतो. शनिवारी पहिला सराव आहे, किती जण आले ते इथेच लिहीन.