लिफ्टजवळची नोटीस आणि लाल पेन
(सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार)

*शिंदे, सेक्रेटरी (बी-३०४), ७:४२*
सर्व सभासदांना नमस्कार. काल लिफ्टजवळ लावलेली नोटीस कोणीतरी लाल पेनने तपासली आहे. खाली ४/१० असे मार्कही दिले आहेत. नोटीस हे सोसायटीचे अधिकृत पत्र आहे, सहामाहीचा पेपर नव्हे. ज्यांनी केले त्यांना माहीत आहे. जास्त बोलत नाही 🙏

*रोहन (सी-५०१)*
काका, पास व्हायला ३५ टक्के लागतात. तुम्ही पास आहात 😂

*जगताप (सी-१०३)*
नोटीस मराठीत का लावत नाही?

*देशपांडे मॅडम (ए-२०१)*
मीच तपासली. लपवायचं कारण नाही. ३१ वर्षं इंग्रजी शिकवलंय, हात थांबत नाही.

*शिंदे*
मॅडम, आपल्याबद्दल आदर आहेच. पण मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. दूधवाला, कुरिअरवाला, सगळे वाचून गेले.

*देशपांडे मॅडम*
मे महिन्यात बाजूला घेऊनच सांगितलं होतं. "बघतो" म्हणालात. 'डिस्कस्ड अबाउट' तेव्हाही होतं. डिस्कस म्हणजेच एखाद्या गोष्टीबद्दल बोलणं. त्यातलं 'बद्दल' आधीच आत बसलेलं आहे, पुन्हा अबाउट कशाला?

*रोहन*
आणि 'रिव्हर्ट बॅक'ला डबल लाइन का? आमच्या ऑफिसात सगळे रिव्हर्टच करतात. रिप्लाय कोणीच करत नाही.

*देशपांडे मॅडम*
रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. त्यात परत 'बॅक' म्हणजे परत परत जाणं. सभासदांनी नक्की कुठे जायचं?

*साने आजी (ए-४०३)*
मला खाली जायचं आहे. लिफ्ट कधी सुरू होणार ते सांगा.

*शिंदे*
आजी, नोटिशीत लिहिलंय ना, दोन दिवसांपासून बंद आहे.

*देशपांडे मॅडम*
'लिफ्ट इज नॉट वर्किंग सिन्स टू डेज' असं लिहिलंय. खरं तर ही चूक तुमची एकट्याची नाही, शिंदे. मराठीत 'मंगळवारपासून' आणि 'दोन दिवसांपासून' दोन्हीकडे एकच पासून. इंग्रजीत कधी सुरू झालं ते सांगायचं असेल तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. सिन्स ट्यूजडे, फॉर टू डेज. आणि इज नव्हे, 'हॅज नॉट बीन वर्किंग'.

*साने आजी*
पण सुरू कधी होणार?

*जगताप*
मराठीत लावली असती तर हे झालंच नसतं. दुसऱ्यांदा विचारतोय.

*भोसले (बी-५०४)*
मॅडम, एक शंका. 'मेन्टेनन्स शुड बी पेड टिल १० जुलै' यात टिलवर गोल का केलाय?

*देशपांडे मॅडम*
छान प्रश्न. इथेही आपला 'पर्यंत' आडवा येतो. "दहापर्यंत थांबतो" म्हणजे तोवर थांबणं चालूच आहे, तिथे टिल. "दहापर्यंत पैसे भरा" ही मुदत झाली, काम एकदाच करायचं, तिथे बाय. टिल लिहिलं की रोज भरत राहा आणि १० तारखेला थांबा असा अर्थ होतो.

*भोसले*
म्हणजे या नोटिशीत मुदत नव्हतीच. मग मी १२ तारखेला भरले तर त्याला २०० रुपये लेट फी कशी?

*शिंदे*
वाटच बघत होतो. भोसले, तुमचे जूनचेही बाकी आहेत. तेव्हा मी तुमच्या दारात येऊन सांगितलं होतं. तोंडी आणि मराठीत.

*भोसले*
विषय जुलैचा चालू आहे.

*कानिटकर काका (ए-१०२)*
इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणतात ते उगाच नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली याच पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, टिळक त्यांच्या बरोबर होते. त्या पिढीला मराठीही यायची आणि इंग्रजीही.

*रोहन*
आमच्याकडे वाघिणीचं दूधही महापालिकेच्या पाण्यासारखं येतं काका. गुरुवारी बंद, शुक्रवारी कमी दाबाने.

*कानिटकर काका*
चेष्टा करा. तुमची लाल गाडी कालही माझ्या जागेवर अर्धा फूट आत होती.

*रोहन*
काका ती पाहुण्यांची होती 🙏

*जगताप*
चिपळूणकर निबंधमाला मराठीत लिहीत होते. नोटीस मराठीत लावा. आमच्या वेळी ए बी सी डी पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर माझं लग्न झालं होतं.

*वैशाली (बी-१०१)*
मी कधी लिहीत नाही इथे. पण आज लिहिते. गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये मी म्हटलं 'माय हेड इज पेनिंग'. मॅडम लगेच म्हणाल्या, पेनिंग नाही, आय हॅव अ हेडेक. बरोबरच होतं, मी क्लासच्या वहीत लिहूनही ठेवलं. पण लिफ्टमध्ये सहा जण होते. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये इंग्रजी बोलत नाही. डोकं मात्र दुखतं अजून.

*शिंदे*
👆 हेच मी सकाळपासून सांगतोय.

*देशपांडे मॅडम*
वैशाली, हे माझ्या लक्षातच आलं नाही गं.

*वैशाली*
राग नाही मॅडम. उलट एक विचारायचंच आहे. मुलीच्या निबंधात बाईंनी 'ॲन युनिव्हर्सिटी' काटलं. यू तर स्वर आहे ना?

*देशपांडे मॅडम*
अक्षर बघायचं नाही, कानाला काय येतं ते ऐकायचं. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते, म्हणून अ. अवरमधला एच गप्प असतो, म्हणून ॲन अवर. एमएलए कानाला 'ए'ने सुरू होतो, म्हणून ॲन एमएलए.

*कानिटकर काका*
हे मात्र आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही ए ई आय ओ यू पाठ केलं आणि बसलो.

*शिंदे*
शिकवणं चालू द्या. पण आता निघालंच आहे तर मागच्या वर्षीच्या सभेचंही निघू दे. मी लिहिलं होतं, मीटिंग इज प्रीपोन्ड. मॅडमनी काटून 'ब्रॉट फॉरवर्ड' करायला लावलं. १४ तारखेची ७ तारखेला. काय झालं?

*रोहन*
निम्मी सोसायटी २१ तारखेला आली 😂😂 मी पण.

*शिंदे*
आपण "सभा पुढे ढकलली" म्हणतो तेव्हा तारीख लांबते. लोकांनी फॉरवर्ड वाचलं आणि लांबवली. ७ तारखेला कोरम नाही, अर्धा तास थांबून अकरा माणसांत सभा उरकली. त्यावर भोसलेंचं पत्र आलं ते वेगळंच.

*भोसले*
ते पत्र योग्यच होतं.

*देशपांडे मॅडम*
शिंदे, तुम्ही म्हणता ते खरं आहे. ब्रॉट फॉरवर्ड बरोबरच होतं, पण कळायला हवं होतं ना. प्रीपोन हल्ली ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. मला आवडत नाही ही गोष्ट वेगळी. ते तसंच ठेवायला हवं होतं.

*शिंदे*
धन्यवाद. टिलचं बाय करून नवी प्रिंट लावतो. मार्क नकोत.

*जगताप*
इंग्रजी कशाला परत? मीच मराठीत करून देतो. हे घ्या:
"सुचना. सर्व सभासदांना कळवीण्यात येते की मेन्टेनन्स १० तारखे पर्यंत भरावा. लिफ्ट गुरुवार पासून बंद आहे."

*देशपांडे मॅडम*
_हा मेसेज डिलीट करण्यात आला_

*जगताप*
काय होतं मॅडम? मी गाडीवर होतो.

*रोहन*
मी वाचलं. तुम्हाला पण ४/१०.

*देशपांडे मॅडम*
जगताप, तुम्हाला वेगळा मेसेज केलाय.

*साने आजी*
अहो, लिफ्ट?

*शिंदे*
आजी, मिस्त्री चारला येतो म्हणालाय.

*भोसले*
मग माझे २०० माफ समजायचे ना?