वाळवंटी गाव: घुमट सोडून काय करता येईल?

प्रश्न: टेबलावरच्या युद्धखेळातल्या २८ मिमीच्या छोट्या सैनिकांसाठी थर्माकोलचं गाव करतोय. चौकोनी घरं आणि घुमट करून कंटाळलो. ट्युनिशियातल्या क्सार उलेद सुलतानसारखी धान्यकोठारं, म्हणजे एकावर एक चढवलेल्या कमानदार खोल्या, जमतील का? पहिल्या खेपेला रंगाचा स्प्रे मारला आणि थर्माकोलच विरघळलं.

उत्तर: जमतील की! पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या चिरा, झालं छत. रांगा मुद्दाम वाकड्या ठेवा, सरळ आल्या की गोदाम दिसतं. स्प्रेआधी पांढरा गोंद आणि बारीक वाळूचा जाड थर द्या, कडासुद्धा सोडू नका.

आणखी एक: बाहेरच्या जिन्याची पायरी सैनिक ज्यावर उभा असतो त्या २५ मिमीच्या बैठकीला पुरेल एवढी ठेवा. माझ्या जिन्यावरून घसरतात लेकाचे!

प्रश्नकर्ता: नळ्या जमवायला घेतल्यात. घरात कुजबुज सुरू आहे.