नववीतील मुलीला शाळेत जाणे अशक्य झाले आहे. निदान होईपर्यंत काय करावे?

प्रश्न (एक आई, नाशिक)

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. सातवीपर्यंत प्रगतिपुस्तकावर ‘शांत व अभ्यासू’ असाच शेरा असे. आठवीत तुकड्या नव्याने पाडल्या गेल्या, जवळची एकुलती एक मैत्रीण दुसऱ्या वर्गात गेली आणि तेव्हापासून खाडे वाढत गेले. आता ती गणवेश घालून, दप्तर भरून दारापर्यंत येते आणि बुटाची नाडी बांधता बांधता तिचे हात थांबतात. त्यानंतर पोटात कळ येते, नाहीतर बराच वेळ ती एक शब्दही बोलत नाही. कपड्यांच्या आतील लेबल, कुकरची शिटी, अचानक आलेले पाहुणे यांचा त्रास तिला लहानपणापासून आहे. बालरोगतज्ज्ञांनी स्वमग्नतेची (ऑटिझम) शक्यता बोलून दाखवली असली, तरी सविस्तर तपासणीची वेळ बरीच पुढची मिळाली आहे. वर्गशिक्षिका लाड कमी करा म्हणतात, सासूबाई वयाचा दोष म्हणतात आणि हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली आहे. निदान हाती नसताना शाळेकडे काय मागता येईल? तिला बळेच सोडत राहावे की घरी ठेवावे?

उत्तर 1 (समुपदेशक, ठाणे)

ताई, दप्तर भरून दारापर्यंत येणारी मुलगी शाळा टाळत नाही. तिला जायचे आहे आणि जाणे जमत नाही, हे आधी घरातल्या सर्वांनी मान्य करावे. अनेक स्वमग्न मुली इतरांचे पाहून वागणे जुळवून घेतात, त्यामुळे शाळेत काही दिसत नाही आणि दिवसभराचा ताण घरी बाहेर पडतो. ‘का जात नाहीस?’ या प्रश्नाला तिच्याकडे बहुधा उत्तर नसेल. त्याऐवजी वेळापत्रकाची प्रत देऊन सोसणारे तास, कसेबसे निभणारे तास आणि अजिबात न सोसणारे तास वेगवेगळ्या रंगांनी रंगवायला सांगावे. प्रार्थना, मधली सुट्टी, रिक्षा आणि स्वच्छतागृहही त्यात धरावे. कोणी चिडवत असेल तर तेही अशा कागदावर लवकर उतरते. बळेच सोडल्याने भीती वाढते, पण शाळेशी संबंध पूर्ण तुटला तर परतणेही अवघड होते, म्हणून सोसणाऱ्या एक-दोन तासांपुरते जाणे चालू ठेवता आले तर पाहावे.

उत्तर 2 (निवृत्त मुख्याध्यापक)

तोंडी विनंत्या करू नयेत. लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि गरजेनुसार सोयी देण्याची अपेक्षा शाळांकडूनही आहे. मात्र प्रार्थनेनंतर वर्गात येणे, दाराजवळची जागा, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसणे, सर्वांसमोर उभे करून प्रश्न न विचारणे, एवढे तर मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात देऊ शकतात; मी स्वतः ते दिले आहे आणि त्यासाठी कोणाचे प्रमाणपत्र मागितले नाही. बालरोगतज्ज्ञांचे पत्र अर्जाला जोडावे, म्हणजे गैरहजेरीची नोंद आजारपणाच्या कारणासह राहील.

दहावीच्या परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक या सवलतींसाठी मात्र दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून हे काम नववीतच सुरू करावे. प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही स्वमग्नता मोजण्याची 40 बाबींची भारतीय मापनश्रेणी वापरतात. तीत 70 पेक्षा कमी गुण आले तर स्वमग्नता नाही असे धरले जाते. अनोळखी खोलीत निमूट बसणारी मुलगी तिथे ‘ठीक’ दिसू शकते, तेव्हा घरी काय घडते ते तारखांसह लिहून न्यावे.

उत्तर 3 (एक वडील, पुणे)

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या मुलाला शाळेत टिकवण्याच्या प्रयत्नात त्याची झोप आणि जेवण दोन्ही गेले; अखेर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून त्याने दहावी केली. पाच विषय, सगळे एकाच बैठकीत देण्याची सक्ती नाही, आणि त्या प्रमाणपत्रावर पुढे अकरावीला प्रवेशही मिळाला. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देणे हाही मार्ग आहे. शाळा सुटली म्हणजे शिक्षण सुटले असे नाही, हे मुलीलाही ऐकू द्यावे.

उत्तर 2 चे लेखक पुन्हा

सहमत आहे, फक्त शाळा सोडल्याचा दाखला काढण्याची घाई नको. नाव शाळेत असेपर्यंत दोन्ही वाटा खुल्या राहतात.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. वेळापत्रक तिने एकटीने बसून रंगवले. गणिताचा तास नकोसा असेल असा माझा समज होता. तिने सर्वांत गडद रंग चित्रकलेच्या तासाला दिला, कारण त्या वेळी दोन तुकड्या एका सभागृहात बसतात. गणित आणि विज्ञान तिला चालतात. सोमवारी हा कागद जोडूनच अर्ज देणार आहे. अशा अर्जाचा मसुदा कोणाकडे असल्यास कृपया नावे वगळून येथे द्यावा.